मनिला १९७५: पंधराव्या राउंडची घंटा वाजली असती तर?

१ ऑक्टोबर १९७५. फिलिपिन्समधल्या, मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीचं अरानेटा कोलिसियम. बॉक्सर मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी आणि शेवटची लढत, चौदा राउंड संपलेत आणि दोघं आपापल्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेत. मध्ये एक मिनिट, मग शेवटचा राउंड, तीन मिनिटांचा. तो राउंड झालाच नाही. फ्रेझरचा ट्रेनर एडी फच यानं रेफरीला कळवलं की बस झालं, आमचा माणूस उठणार नाही, आणि हेवीवेटचं वर्ल्ड टायटल अलीच्याच हातात राहिलं.

या एका मिनिटावरून बॉक्सिंगवाले आजही तावातावानं भांडतात. एक पार्टी म्हणते की समोरच्या कोपऱ्यात अली स्वतःच संपलेला होता, ग्लव्ह्ज कापा, म्हणजे आता मी लढत नाही, असं म्हणत होता, फचनं अजून अर्धा मिनिट दम धरला असता तर फ्रेझर बसल्या जागी चॅम्पियन झाला असता. दुसरी पार्टी म्हणते की फचनं त्या दिवशी एका माणसाचा जीव वाचवला, विषय संपला. मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं कारण दोघंही त्या एका मिनिटालाच चिकटून बसतात, आणि माझं ठाम मत आहे की ही लढत वेगळी संपायची खरी शक्यता त्या मिनिटात जवळपास उरलीच नव्हती, ती त्याच्या खूप आधी निघून गेली होती. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून नीट बघूया.

आधी मागचं थोडक्यात. पहिली लढत ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, दोघंही तोवर एकदाही न हरलेले, दोघांना पंचवीस-पंचवीस लाख डॉलर. पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझरच्या लेफ्ट हुकनं, म्हणजे डाव्या हाताच्या वळवून मारलेल्या ठोशानं, अली पाठीवर आडवा झाला, लगेच उठलाही, पण निकाल फ्रेझरचा. दुसरी २८ जानेवारी १९७४ ला तिथंच, बारा राउंडची, वर्ल्ड टायटल पणाला नव्हतं, ती अलीनं पॉइंटवर घेतली. मधल्या काळात जॉर्ज फोरमननं जमैकातल्या किंग्स्टनला फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं होतं, आणि त्याच फोरमनला अलीनं ऑक्टोबर १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला आठव्या राउंडमध्ये झोपवलं. त्यामुळे मनिलाच्या आधी सगळ्यांनी हिशोब मांडलेला की फ्रेझर आता संपलाय. अलीलाही तसंच वाटत होतं, भर लढतीत तो फ्रेझरला म्हणाला की मला तर सांगितलं होतं तू संपलास, आणि फ्रेझरचं उत्तर होतं की चुकीचं सांगितलंय तुला.

आणि त्यात वैर. हे वैर नुसतं तिकिटं खपवायला केलेलं नव्हतं, निदान फ्रेझरच्या बाजूनं तर अजिबात नाही. व्हिएतनामच्या सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे अलीवर बंदी होती त्या काळात फ्रेझरनं त्याची बाजू घेतली होती, त्याला लायसन परत मिळावं म्हणून शब्द टाकला होता, पैशाचीही मदत केली होती. त्या माणसाला अलीनं गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं, आणि मनिलाच्या आधी तर गोरिला म्हणून यमक जुळवलं, प्रेस कॉन्फरन्समध्ये रबराचा छोटा गोरिला काढून त्याला ठोसे मारून दाखवले. फ्रेझरच्या पोरांना हे शाळेत ऐकावं लागत होतं. अलीबद्दल मला कितीही आदर असला तरी हे मला कधीच पटलेलं नाही आणि पटणारही नाही. इथं ते सांगायचं कारण एवढंच की फ्रेझर त्या स्टुलावरून स्वतःहून कधीच ‘नको’ म्हणणार नव्हता, मेला असता पण म्हणाला नसता. त्यामुळे थांबायचं की नाही हे ठरवणारा दुसराच कुणीतरी लागणार होता.

तो दुसरा म्हणजे एडी फच. वय ६४. डेट्रॉइटच्या जिममध्ये हेवीवेट चॅम्पियन झालेल्या जो लुईसबरोबर स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, केलेला माणूस, स्वतः प्रोफेशनल व्हायला निघाला होता पण तपासणीत हृदयाचा दोष निघाला आणि तिथंच थांबला, मग आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत राहिला. १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडणारा केन नॉर्टन त्याचाच पठ्ठ्या. फ्रेझरचा मूळ ट्रेनर यांक डरहॅम १९७३ मध्ये वारला तेव्हापासून फ्रेझरचा कोपरा, म्हणजे लढतीत त्याला सांभाळायची जबाबदारी, फचकडे होता.

फचनं या लढतीतली पहिली चाल रिंगबाहेरच खेळली होती आणि ही गोष्ट लोक विसरतात. दुसऱ्या लढतीत अलीनं डाव्या हातानं फ्रेझरची मान मागून धरून खाली दाबायची आणि मिठी मारायची असा सपाटा लावला होता, फचनं नंतर फिल्म बघून मोजलं तर अलीनं १३३ वेळा धरलेलं निघालं आणि रेफरीनं काहीच केलं नव्हतं. फ्रेझरसारखा आत घुसून खेळणारा बॉक्सर, त्याला मान धरून थांबवलं की त्याचं इंजिनच बंद. म्हणून मनिलाला रेफरी कोण यावर फच अडून बसला. अलीच्या लोकांना किन्शासाच्या लढतीचा रेफरी झॅक क्लेटन हवा होता. फचनं तिथल्या अधिकाऱ्यांना पटवलं की एवढी मोठी लढत तुमच्या देशात होतेय तर रेफरी तुमचाच माणूस हवा, त्यात तुमचा मान आहे. आणि रेफरी झाला कार्लोस पडिला, फिलिपिनो, ज्यानं अलीला धरायला फारसं दिलं नाही, हात झटकून सोडवत राहिला. मधले राउंड फ्रेझरचे झाले त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. म्हणजे ‘लढत वेगळी संपली असती’ म्हणायचं तर हाही एक फाटा आहे: क्लेटन रेफरी असता आणि धराधरी चालवून घेतली असती तर कदाचित चौदा राउंडपर्यंत गोष्ट आलीच नसती, अलीनं पॉइंटवर आरामात काढली असती, आणि आज आपण या लढतीबद्दल एवढं बोललोही नसतो.

आता जागा आणि वेळ. लढत सुरू झाली सकाळी पावणेअकराच्या सुमारास, कारण अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती आणि तिथं थिएटरांमध्ये क्लोज्ड सर्किटवर आणि एचबीओ या टीव्ही चॅनलवर सॅटेलाइटनं दाखवायची होती. फर्डिनांड मार्कोसची राजवट, देशात मार्शल लॉ, आणि सरकारला जगात नाव मिळवायचं होतं म्हणून पैसा ओतलेला. पण मनिलातली सकाळ, दमट हवा, वर पत्र्याचं छप्पर, खचाखच भरलेलं कोलिसियम, डोक्यावर टीव्हीचे लाइट, एअर कंडिशनिंगचा काही उपयोग नाही. अशा भट्टीत दोन हेवीवेट, एक ३३ चा आणि एक ३१ चा, तीन-तीन मिनिटांचे चौदा राउंड मारामारी करत होते. अली नऊ-दहा पौंडांनी जड होता आणि त्या दिवशी त्यानं नाचायचं ठरवलंच नव्हतं, सुरुवातीपासून पाय रोवून मारायला उभा.

लढतीचे सरळ तीन तुकडे पडतात. पहिले चार राउंड अलीचे, लांबून उजवा-डावा, फ्रेझर एक-दोनदा हललाही, वाटत होतं की लवकर आटपणार. पाचव्यापासून फ्रेझर आत शिरला. अली दोरांना टेकून हात वर करून बसायचा आणि फ्रेझर बरगड्यांवर, कमरेवर, दंडांवर हातोडे मारत राहायचा. सहाव्या राउंडमधले त्याचे दोन लेफ्ट हुक बघा, दोन्ही जबड्यावर, दुसरा कुणीही असता तर आडवा झाला असता, अली उभा राहिला. फ्रेझर नंतर म्हणाला की शहराच्या तटबंदी पडल्या असत्या असे ठोसे मी त्याला मारले, आणि त्याच वाक्याला जोडून त्याला महान चॅम्पियनही म्हणाला. दहाव्या-अकराव्यापर्यंत तर लढत कुणाची हे सांगणं अवघड होतं, अलीचा चेहरा उतरलेला, स्टुलावर तो अक्षरशः पडत होता.

मग तिसरा तुकडा, बारावा ते चौदावा. आणि सगळ्या वादाचा जीव माझ्या मते इथं आहे.

जो फ्रेझरला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. त्या दिवशीपासून नाही, करिअरच्या सुरुवातीपासून. सरावात डोळ्याला दुखापत झाली होती, पुढे मोतीबिंदू, आणि ही गोष्ट त्यानं वर्षानुवर्षं लपवली, १९९६ मध्ये स्वतःच जगाला सांगितली. डॉक्टर डोळे तपासताना एक डोळा झाका म्हणाले की झाकायचा, आता दुसरा झाका म्हणाले की हात बदलायचा पण झाकायचा तोच डोळा. अशा रीतीनं तो लायसन काढत राहिला आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला. एका डोळ्यावर. हे वाचलं तेव्हा मी १९७१ ची लढत पुन्हा बघितली आणि त्या माणसाबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला.

आता जरा भूमिती बघा. समोरासमोर उभे राहिल्यावर अलीचा उजवा हात फ्रेझरच्या डाव्या बाजूनं येतो. म्हणजे जो डोळा कामातून गेलाय त्याच बाजूनं. इतकी वर्षं फ्रेझर हे कसं निभावत होता, तर सतत खाली वाकून, डोकं डावी-उजवीकडे झुलवत, आणि उजव्या डोळ्यानं पूर्ण रिंग बघत. मनिलाला अलीच्या ठोशांनी चेहरा सुजत गेला आणि बाराव्या-तेराव्यापर्यंत तो चांगला उजवा डोळाही मिटत आला. झालं. आता डोकं वळवल्याशिवाय दिसेना, आणि डोकं वळवायचं म्हणजे झुलणं थांबवून जरा सरळ उभं राहायचं, आणि सरळ उभा राहिलेला फ्रेझर म्हणजे अलीसाठी समोर धरलेलं टार्गेट. तेराव्यात एका ठोशानं फ्रेझरचा माउथपीस, म्हणजे दात वाचवायला लावलेलं रबर, तोंडातून उडून थेट प्रेक्षकांत गेला. चौदाव्यात अलीचे राइट हँड लागोपाठ लागत होते आणि फ्रेझर त्यातले बरेचसे चुकवायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता, कारण ते येताहेत हेच त्याला कळत नव्हतं. थकलेला बॉक्सर आणि न दिसणारा बॉक्सर यात फरक असतो. थकलेला उशिरा का होईना पण हलतो. न दिसणारा ठोसा बसल्यावर हलतो.

आता ते मिनिट. फ्रेझरच्या कोपऱ्यात काय बोलणं झालं ते नोंदलेलं आहे. फचनं विचारलं की अलीच्या उजव्या हाताचं काय होतंय, फ्रेझर म्हणाला दिसत नाही. फच म्हणाला मी थांबवतोय. फ्रेझर म्हणाला नाही, तुम्ही माझ्याशी असं करू शकत नाही. फच म्हणाला की मागच्या दोन राउंडमध्ये तुला दिसलं नाही, पंधराव्यात काय दिसणार आहे? फ्रेझर: मला तो हवाय, बॉस. आणि मग फचचं ते वाक्य, खांद्यावर हात ठेवून, की बस बाळा, संपलं, तू आज इथं जे केलंस ते कुणी कधी विसरणार नाही.

समोरच्या कोपऱ्यात काय चाललं होतं यावर मात्र साक्षी वेगवेगळ्या आहेत. अलीच्या कोपऱ्यातला वाली मोहम्मद पुढे सांगायचा की अलीनं ग्लव्ह्ज कापायला सांगितले होते. अली स्वतःही नंतर म्हणाला की फ्रेझरनं माझ्या जरासं आधी सोडलं, मला वाटत नव्हतं मी अजून लढू शकेन. लढतीनंतर त्यानं सांगितलं की मरणाच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. निकाल कळल्यावर तो उठला, एक हात वर केला आणि तिथंच कॅनव्हासवर कोसळला. अलीचा ट्रेनर अँजेलो डंडीनं मात्र अली पंधराव्याला उठला नसता हे कधी मान्य केलं नाही.

मग खरं कुणाचं? माझ्या मते दोघांचंही. अलीनं ‘कापा’ म्हटलं असेल, मला त्यात काही शंका नाही. पण अलीनं म्हणणं आणि डंडीनं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याचा पुरावा आपल्याकडे ११ वर्षं आधीचा आहे. २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच, तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन सॉनी लिस्टनविरुद्धची लढत. चौथ्या राउंडनंतर अलीच्या, म्हणजे तेव्हाच्या कॅशियस क्लेच्या, डोळ्यात काहीतरी गेलं, डोळे जळायला लागले, दिसेना, आणि तो कोपऱ्यात हेच म्हणाला की ग्लव्ह्ज कापा. डंडीनं डोळे धुतले आणि त्याला ढकलून बाहेर काढला, पळत राहा म्हणाला. तो राउंड पळून काढला, डोळे साफ झाले, आणि सहाव्यानंतर लिस्टनच स्टुलावरून उठला नाही. तोच डंडी मनिलाला, आपला चॅम्पियन लढतीत पुढे दिसतोय, समोरचा आंधळा झालाय, तीन मिनिटं उरलीत, आणि तो कात्री काढणार? मला पटत नाही. त्यानं अलीला काखेत हात घालून उभं केलं असतं आणि घंटा वाजल्यावर पाठीत धक्का दिला असता. डंडी थांबवायचाच नाही असंही नाही, ऑक्टोबर १९८० मध्ये तेव्हाचा चॅम्पियन लॅरी होम्सविरुद्ध दहाव्या राउंडनंतर त्यानंच थांबवलं, कोपऱ्यातले लोक विरोध करत असतानाही. पण तिथं अली एकही राउंड जिंकत नव्हता. मनिलाचं चित्र उलटं होतं.

बरं, धरून चालू की दोघंही पंधराव्याला बाहेर आले. आता कार्डं, म्हणजे रेफरी आणि जज राउंडचे पॉइंट मांडतात ते कागद, बघा. तेव्हा तिथं पाच पॉइंटची पद्धत होती, राउंड जिंकणाऱ्याला पाच, हरणाऱ्याला सहसा चार, बरोबरीला दोघांना पाच. चौदा राउंडनंतर रेफरी पडिलाच्या कार्डावर अली ६६-६०, जज अल्फ्रेडो कियाझोनच्या ६७-६२, लॅरी नादायागच्या ६६-६२. तिघांकडेही अली पुढे, सहा, पाच आणि चार पॉइंटनं. एका राउंडमध्ये ही दरी भरून निघत नाही. फ्रेझरनं पंधरावा एकतर्फी जिंकला असता, अगदी अलीला एकदा पाडलंही असतं, तरी निकाल अलीचाच लागला असता. म्हणजे फ्रेझरला नॉकआउटच हवा होता. अलीला तोवरच्या करिअरमध्ये कुणीच थांबवलेलं नव्हतं, लिस्टननं नाही, फोरमननं नाही, ताजातवाना २७ वर्षांचा फ्रेझर असताना १९७१ ला त्यानंही नाही. ते काम दोन्ही डोळे मिटत आलेल्या फ्रेझरनं तीन मिनिटांत करायचं होतं. अशक्य म्हणणार नाही, त्या डाव्या हुकचा काही नेम नव्हता आणि अलीचे पाय खरंच गेलेले होते. पण कुणी हे ‘जिंकत आलेली लढत फचनं घालवली’ असं सांगत असेल तर त्यानं ही तीन कार्डं समोर ठेवून बोलावं.

फचला अर्थात ही कार्डं माहीत नव्हती, तेव्हा ती राउंडागणिक जाहीर होत नसत. समोरच्या कोपऱ्यातलं बोलणंही ऐकू येत नव्हतं. त्याच्याकडे माहिती एकच होती: समोर बसलेला चेहरा, आणि ‘दिसत नाही’ हे शब्द. निर्णयाची पारख करायची तर त्या माहितीवर करायला हवी, आपल्याला ३०-४० वर्षांनी डॉक्युमेंटरीतून काय कळलं त्यावर नाही. यात लोक फार गल्लत करतात आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण यात एका सभ्य माणसावर अन्याय होतो.

फचच्या विरोधातला सर्वात तगडा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. तो असा की ठीक आहे, दिसत नव्हतं, पण घंटेला बाहेर तर पाठवायचं होतं, अली उठतो का बघायचं होतं, आणि पहिला जोरदार उजवा बसला की टॉवेल टाकायचा, म्हणजे हार मानून लढत थांबवायची, होती. पाच-दहा सेकंदांचा प्रश्न. एवढी रिस्क घ्यायला काय हरकत होती?

याचं उत्तर बॉक्सिंगनं सात वर्षांनी दिलं आणि फार वाईट रीतीनं दिलं. १३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास, रे मॅन्सिनी विरुद्ध कोरियाचा डुक कू किम. तेरा राउंड दोघं तुटून पडलेले, किम खूप मार खाल्लेला पण उभा. चौदावा सुरू झाला, एकोणिसाव्या सेकंदाला लढत संपली. मॅन्सिनीचा उजवा लागून किम पडला, कसाबसा दोर धरून उठलाही, मग कोमात गेला आणि चार दिवसांनी वारला. एकोणीस सेकंद. टॉवेल हातात घेऊन उभा असलेला माणूससुद्धा इथं काही करू शकत नाही, कारण टॉवेल पडतो तो ठोसा बसल्यानंतर. फचनं आपल्या आयुष्यात रिंगमध्ये माणसं मेलेली बघितली होती. तीन मिनिटं तर उरली होती असं त्याला म्हणणाऱ्यांना त्याचं सांगणं असायचं की माझं काम घड्याळ बघण्याचं नाही, माणूस सांभाळण्याचं आहे.

त्याच किमच्या मृत्यूनंतर डब्ल्यूबीसीनं, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या संघटनेनं, वर्ल्ड टायटलच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आणल्या, बाकीच्या संघटनाही हळूहळू आल्या. हा नियम १९७५ ला असता तर काय झालं असतं हा प्रश्न मला पंधराव्या राउंडपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. बाराव्याला घंटा, दोघं उभे, निकाल कार्डांवर. तेरावा आणि चौदावा उघडउघड अलीचे होते, ते प्रत्येकी पाच-चारनं धरून वजा केले तर अलीची आघाडी चार, तीन आणि दोन पॉइंटची राहते. म्हणजे जिंकला अलीच असता, पण थोडक्यात, आणि गंमत अशी की फ्रेझरला शेवटचे सगळ्यात भयंकर सहा मिनिटं खावी लागली नसती आणि ‘स्टुलावरून उठला नाही’ हा शिक्का बसला नसता. आणि बारा राउंडच खेळायचे असते तर फ्रेझरनं पहिले चार असे सोडले असते का, लवकर आत घुसला नसता का? त्यानं दमाचा हिशोब वेगळा केला असता तर ते दोन-तीन पॉइंट फिरायला फार काही लागत नव्हतं. फ्रेझर जिंकतो अशी एखादी पटण्यासारखी गोष्ट रचायचीच असेल तर ती इथं रचता येते, शेवटच्या मिनिटात नाही.

आणि दुसरी जागा म्हणजे तो डोळा. डावा डोळा धड असता तर उजवा सुजल्यावरही फ्रेझरला अलीचा उजवा हात येताना दिसला असता, तो वाकून झुलत राहिला असता, आणि अकराव्यापर्यंतचा अली बघता मला नाही वाटत तो आणखी चार राउंड तसा मार सोसू शकला असता. हे मी मनापासून म्हणतो, त्या दिवशी दोन डोळ्यांचा फ्रेझर जिंकला असता. पण मग लगेच दुसरी बाजू येते. डोळ्यांची तपासणी कुणी धड केली असती तर या माणसाला लायसनच मिळालं नसतं, १९७१ ची लढत झाली नसती, मनिला तर नाहीच. ज्या गोष्टीनं त्याला हरवलं ती लपवली म्हणूनच तो तिथवर पोचला होता. या गाठीतून मला अजून वाट सापडलेली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फ्रेझर जून १९७६ मध्ये पुन्हा फोरमनशी खेळला आणि पाचव्या राउंडमध्ये हरला. त्या रात्रीही त्याच्या कोपऱ्यात एडी फचच होता, मनिलानंतर आठ-नऊ महिन्यांनी. ज्यांना वाटतं फचनं फ्रेझरला फसवलं त्यांनी याचा विचार करावा, ज्याचं टायटल हुकलं त्यानं ट्रेनर बदलला नव्हता. अली १९८१ पर्यंत खेळत राहिला, कुणीच त्याला वेळेत थांबवलं नाही, १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. नोव्हेंबर २०११ मध्ये फ्रेझर वारला तेव्हा फिलाडेल्फियाला अंत्यविधीला अली आला होता.

ज्यांना अजूनही वाटतं की पंधरावा व्हायला हवा होता, त्यांना एकच सांगणं आहे, चौदावा राउंड पुन्हा लावा आणि पूर्ण तीन मिनिटं अलीच्या दिशेनं बघूच नका. नजर फ्रेझरच्या डोक्यावर ठेवा. अलीचा जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, येतो तेव्हा ते हलतं, उशिरा का होईना हलतं. उजवा येतो तेव्हा बघा.